कोहाउसिंगमध्ये राहिल्याने माणूस अधिक जागरूक नागरिक होतो का?

तळमजला:

पुण्यातील नव्वद सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत मी राहतो. निवृत्तीनंतर कुठे आणि कसे राहायचे, याची चर्चा आमच्या मित्रमंडळींत सुरू झाली, त्या ओघात कोहाउसिंगचा विषय निघाला आणि मी त्याविषयी वाचू लागलो. ज्यांना ही पद्धत परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण पंधरा ते पस्तीस कुटुंबे, प्रत्येकाचे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर, सर्वांसाठी एक सामाईक घर, तिथे आठवड्यातून काही रात्री एकत्र जेवण, आणि आराखड्यापासून नळदुरुस्तीपर्यंतचा सारा कारभार रहिवाशांच्याच हाती, असे तिचे स्वरूप असते. सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली आणि पुढे ती स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका, इंग्लंड अशी पसरली.

या पद्धतीचे समर्थक एक दावा नेहमी करतात. तिथे राहणारे लोक सभा चालवायला, मतभेद हाताळायला आणि हिशेब वाचायला शिकतात व त्यामुळे गावाच्या कारभारातही अधिक भाग घेतात, असे ते म्हणतात. मला शंका अशी की आमची संस्थाही कागदोपत्री लोकशाहीच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली तिची नोंदणी झालेली आहे, एका सदस्याला एकच मत आहे, दर पाच वर्षांनी व्यवस्थापक समितीची निवडणूक होते आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. मात्र सभेच्या नोटिशीच्या तळाशी छापलेलेच असते की, गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. त्यामुळे जे काही थोडे लोक येतात तेही अर्ध्या तासानेच येतात. निवडणूक बिनविरोध होते, कारण उभे राहायला कोणी तयार नसते. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातील कामे सुचवण्याची सोय नागरिकांना २००६ पासून उपलब्ध आहे, पण आमच्या इमारतीतून त्यासाठी कोणी अर्ज भरल्याचे मला आठवत नाही.

मग कोहाउसिंगमध्ये असे काय असते, जे आमच्याकडे नाही? आणि तिथे जे काही शिकले जाते ते खरोखर फाटकाबाहेर जाते का? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

प्राजक्ता_क:

मी उत्तर कॅलिफोर्नियातील एका कोहाउसिंगमध्ये बरीच वर्षे राहते आहे. अमेरिकेत या हेतूने नव्याने बांधलेली पहिली वसाहत, म्युअर कॉमन्स, आमच्याच भागातील डेव्हिस या विद्यापीठाच्या गावात १९९१ साली उभी राहिली; तिच्यात २६ घरे आहेत. त्याच गावात एन स्ट्रीटवरच्या शेजाऱ्यांनी १९८६ पासून परसांमधली कुंपणे एकेक करून काढली आणि जुन्याच घरांचे कोहाउसिंग केले. तेव्हा नवी इमारत ही काही त्याची अट नाही.

कायद्याच्या दृष्टीने आमची वसाहत आणि रस्त्यापलीकडची नेहमीची वसाहत यांत काहीही फरक नाही, हे आधी सांगते. दोन्हीकडे घरमालकांची संघटना आहे, संचालक मंडळ आहे, उपविधी आहेत आणि मासिक वर्गणी आहे. पलीकडच्यांनी कारभार एका व्यवस्थापन कंपनीवर सोपवला आहे आणि आम्ही तो स्वतः करतो. प्रत्येक प्रौढ रहिवाशाने कोणत्या तरी एका गटात असलेच पाहिजे, मग तो बागेचा असो, वित्ताचा असो, देखभालीचा असो किंवा सभा-संचालनाचा. पैसे भरून यातून सुटका नाही, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ज्या दिवशी आम्ही हे काम पगारी माणसांकडे देऊ त्या दिवशी आमचीही नोटीस अर्ध्या तासाने वाचली जाईल.

जबाबदाऱ्या फिरत्या असतात, ही दुसरी गोष्ट. जेवणाची पाळी आली की चाळीस माणसांचा स्वयंपाक ठरलेल्या खर्चात बसवायचा, हाताखालच्या दोघांना कामे वाटून द्यायची, कोणाला काजू चालत नाहीत आणि कोणाला गहू, हे यादी पाहून लक्षात ठेवायचे आणि रात्री हिशेब लिहून ठेवायचा. सभेचे संचालनही असेच आळीपाळीने येते. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या माणसावरही ते येते, मात्र त्याच्या शेजारी पहिल्या काही सभांत एक अनुभवी माणूस बसतो.

निर्णयाची पद्धत एका उदाहरणाने सांगते. सामाईक स्वयंपाकघरातील गॅसच्या शेगड्या काढून इंडक्शन बसवायचे, असा प्रस्ताव एकदा आला. आमच्याकडे निर्णयाच्या वेळी प्रत्येकजण रंगीत कार्ड दाखवतो: हिरवे म्हणजे मान्य, पिवळे म्हणजे शंका आहे पण अडवत नाही, लाल म्हणजे हे होऊ नये. जवळपास सगळी कार्डे हिरवी होती, आणि एका वयस्कर बाईंनी लाल धरले. लाल कार्ड दाखवणाऱ्याने कारण सांगायचे आणि पर्याय शोधणाऱ्या छोट्या गटात स्वतः बसायचे, असा आमचा नियम आहे. बाई नुसतेच म्हणाल्या, की मला ते सुरक्षित वाटत नाही. दोघातिघांनी लगेच माहितीपत्रके वाचून दाखवायला सुरुवात केली. त्या दिवशी संचालन करणारा तरुण एरवी बुजराच. त्याने चर्चा तिथेच थांबवली, विषय पुढच्या सभेवर टाकला आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला. त्यांच्या छातीत पेसमेकर होता, इंडक्शन शेगडीपासून अंतर ठेवण्याचा सल्ला त्यांना डॉक्टरांनी दिलेला होता आणि ही गोष्ट पन्नास माणसांसमोर बोलण्याची त्यांची तयारी नव्हती. शेवटी ओट्याच्या एका टोकाला साधी विजेची शेगडी ठेवायची आणि त्यांची पाळी त्या टोकाला, असे ठरले. बहुमताने मोजले असते तर हा विषय पाच मिनिटांत संपला असता आणि त्या बाईंनी पाळी घेणे बंद केले असते.

फाटकाबाहेर काय जाते, या प्रश्नावर इतकेच सांगू शकते की हाच तरुण पुढे सायकलमार्गाच्या प्रश्नावर नगर नियोजन आयोगासमोर उभा राहिला. तिथे प्रत्येक नागरिकाला बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात. त्याने सहा जणांमध्ये मुद्दे वाटून दिले, म्हणजे कोणी तेच तेच बोलणार नाही, आणि सायकलमार्गामुळे ज्यांच्या दारापुढचे पार्किंग जाणार होते त्या दुकानदारांना आधी भेटून आला. हे त्याला कोणी वर्गात शिकवले नव्हते.

उत्तरध्रुव:

मी डेन्मार्कमध्ये नोकरीला आहे आणि माझे एक सहकारी अशा वसाहतीत राहत असल्याने तिथल्या जेवणांना आणि एका सभेलाही गेलो आहे. प्राजक्ता यांनी रोजच्या व्यवहारावर भर दिला आहे. माझ्या मते नागरिकत्वाचे खरे शिक्षण घरात राहायला जाण्याच्या आधीच होते.

यान गुडमन-हॉयर या वास्तुविशारदाने १९६४ साली काही मित्रांना घेऊन कोपनहेगनच्या परिसरात अशी वसाहत बांधण्याचा घाट घातला. जमीन घेतली, आराखडे झाले आणि शेजाऱ्यांच्या विरोधामुळे सगळे बारगळले. इतकी मुले आली तर गोंगाट होईल, अशी त्यांची तक्रार होती. १९६७ साली बोडिल ग्रो या लेखिकेने, प्रत्येक मुलाला शंभर पालक असावेत, अशा आशयाचा लेख एका मोठ्या दैनिकात लिहिला आणि समविचारी कुटुंबे एकमेकांना सापडू लागली. त्यातून १९७२ साली हिलरोडजवळ सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत आणि १९७३ साली स्क्रोप्लानेट ही ३३ घरांची वसाहत प्रत्यक्षात आली. म्हणजे पहिल्या बैठकीपासून पहिल्या घरापर्यंत आठ वर्षे गेली. या आठ वर्षांत त्या लोकांना जमीनवापराचे नियम, नगरपालिकेची परवानगी, बँकेचे कर्ज आणि नाराज शेजारी या सगळ्यांशी गाठ घ्यावी लागली.

याहून ठळक उदाहरण लंडनचे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या काही स्त्रियांनी १९९८ साली एकत्र येऊन म्हातारपणी एकमेकींच्या शेजारी राहण्याचे ठरवले आणि हाय बार्नेट येथे त्यांची २५ सदनिकांची इमारत, न्यू ग्राउंड, राहण्यास तयार झाली ती २०१६ साली. यांपैकी आठ सदनिका सामाजिक भाड्याच्या आहेत, म्हणजे घर विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी. मध्ये अठरा वर्षे! काही जणी गेल्या, काही नव्या आल्या आणि ज्या टिकल्या त्यांना स्थानिक प्रशासन कसे चालते, हे कोणी वेगळे शिकवण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे बिल्डर हे सगळे परस्पर करतो आणि ग्राहकाच्या हाती किल्ली देतो. संस्था स्थापन होते तेव्हा सदस्यांनी एकत्र मिळून केलेले पहिले काम बहुधा बिल्डरशी भांडण्याचे असते. (त्यातूनही थोडी एकी होते, हे मान्य.)

दोन दुरुस्त्याही सुचवतो. एकमत ही काही अनिवार्य गोष्ट नाही. मी पाहिलेल्या डॅनिश सभेत चर्चा भरपूर झाली, पण शेवटी हात वर करून मते मोजली गेली आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. दुसरे असे की घराची मालकीही अनिवार्य नाही. स्टॉकहोममधील फेर्डक्नेप्पेन ही १९९३ पासूनची इमारत नगरपालिकेच्या गृहनिर्माण कंपनीच्या मालकीची आहे. तिच्या ४३ सदनिकांत ज्यांची मुले आता घरी नाहीत असे भाडेकरू राहतात, आणि स्वयंपाक व देखभाल तेच करतात.

आता दाव्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट. डेन्मार्कमध्ये सहकारी दूधसंघ १८८२ पासून आहेत, त्याआधी १८४४ पासून लोकशाळा, म्हणजे प्रौढांसाठीच्या निवासी शाळा, आहेत आणि संसदेच्या निवडणुकीत ८० टक्क्यांहून अधिक मतदान ही तिथली नेहमीची बाब आहे. अशा देशात कोहाउसिंगने लोकांना लोकशाही शिकवली असे म्हणण्यापेक्षा, सभा-समित्यांची सवय आधीच मुरलेली होती म्हणून कोहाउसिंग रुजले, असे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

काटेकोर:

उत्तरध्रुव यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन, आणि मी एक पाऊल पुढे जातो. अमेरिकेतील कोहाउसिंगविषयी २०१७ साली हायडी बर्गग्रेन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वसाहतीच्या कामात ज्यांचा सहभाग अधिक, त्यांचा राजकीय सहभागही अधिक, असा संबंध त्यात दाखवलेला आहे. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. जो माणूस मुळातच सभा-समित्यांत रमणारा आहे तो वसाहतीतही पुढे असणार आणि गावातही. शिवाय अमेरिकेत अशा वसाहतींत येणारे लोक बहुतांशी गोरे, उच्चशिक्षित, बऱ्यापैकी सुस्थितीतले आणि राजकीयदृष्ट्या एकाच बाजूला झुकलेले असतात. असे लोक कोणत्याही घरात राहिले तरी मतदान करतात आणि महापौरांना पत्रे लिहितात.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. सारख्या विचारांच्या पन्नास माणसांत मतैक्य घडवण्याचे कौशल्य आणि हितसंबंध खरोखरच एकमेकांच्या आड येतात तिथे तडजोड करण्याचे कौशल्य, ही दोन निराळी आहेत. जेन मॅन्सब्रिज या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९८० सालीच हा फरक मांडला होता: जिथे हित समान आहे तिथे समोरासमोर बसून एकमत शोधावे, आणि जिथे ते परस्परविरोधी आहे तिथे मते मोजावीत, कारण तिथे एकमताचा आग्रह धरला की दुबळ्याचा आवाज सौजन्याच्या नावाखाली दाबला जातो. पेसमेकरचा प्रसंग हृद्य आहे, पण तिथे कोणाचेच काही जात नव्हते. शेजारी गरिबांसाठी भाड्याची घरे येणार असतील आणि त्यामुळे आपल्या घरांच्या किमती उतरतील अशी भीती असेल, तेव्हा हीच माणसे कोणते कार्ड दाखवतात ते मला पाहायला आवडेल.

आणि वेळेचे काय? ज्याच्या आठवड्यातील दोन संध्याकाळी सामाईक घराच्या पडद्यांच्या चर्चेत जातात, तो महापालिकेच्या सभेला केव्हा जाणार?

प्राजक्ता_क:

काटेकोर, कोण लोक येतात याविषयीचे तुमचे वर्णन अचूक आहे. आमच्या वसाहतीत मी आणि आणखी एक कुटुंब वगळता इतर जवळजवळ सगळे त्यात बसतात. पण तुम्ही एक गट विसरता आहात, तो म्हणजे जोडीदाराच्या आग्रहाखातर आलेल्यांचा. प्रत्येक वसाहतीत असे लोक असतात. सभांचा तिटकारा असलेले, घर चांगले आहे आणि मुलांना खेळायला अंगण आहे एवढ्यावर तयार झालेले. आमचे यजमान त्यांपैकीच. त्यांना वित्त गटात ढकलले गेले, तिथे छपराच्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी कशी ठरवतात हे शिकावे लागले आणि पुढे मुलांच्या शाळेच्या जिल्ह्याचे अंदाजपत्रक जाहीर झाले तेव्हा ते बसून वाचणारे पालकांमधले ते एकटे होते. एका उदाहरणाने सिद्ध काहीच होत नाही, हे मी जाणते. पण आवडीनिवडीमुळे आलेल्यांना बाजूला ठेवून कोणाला पाहावे, असे कोणी विचारले तर मी या लोकांकडे बोट दाखवीन.

एकमत न झाल्यास काय, याची तरतूद आमच्या उपविधींत आहे. ठरावीक सभा होऊनही विषय सुटला नाही तर तीन चतुर्थांश मतांनी निर्णय होतो. ही तरतूद क्वचितच वापरावी लागते, पण ती आहे हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे लाल कार्ड हे नकाराधिकारासारखे वापरले जात नाही.

भाड्याच्या घरांच्या प्रश्नावर तुमचा टोला बरोबर जागी बसला आहे. आमच्या जवळच तसा प्रस्ताव आला होता आणि वसाहत म्हणून आम्ही कोणतीच भूमिका घेतली नाही. व्यक्तिशः काहीजण बाजूने बोलले, एक-दोघे विरोधात. वसाहतीने वसाहत म्हणून राजकीय भूमिका घ्यायची नाही असा आमच्याकडे संकेत आहे आणि तो शहाणपणाचा की पळवाटेचा, यावर आमच्यात आजही एकमत नाही. वेळेबद्दल मात्र वाद नाही. लहान मुले असलेल्या घरांतून दोन-तीन वर्षे सभेला कोणीच फिरकत नाही.

माजी सचिव:

ठाण्यातील एका संस्थेचे सचिवपद मी दीर्घकाळ सांभाळले, तेव्हा तळमजला यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे शेजारातून कार्यकर्ते घडलेच नाहीत असे नाही. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. मुंबईच्या चाळींत अशा मंडळांनी वर्गणीची पावतीपुस्तके, जमाखर्च, पोलिसांची परवानगी आणि शंभर जणांचे रुसवेफुगवे सांभाळणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार केली आणि सर्व पक्षांना ती पुरवली. मात्र इमारतीच्या कारभारात चाळकऱ्याला अधिकार नव्हता, कारण ती मालकाची होती. गृहनिर्माण संस्थेत अधिकार आला आणि काम गेले: झाडलोट कंत्राटदाराकडे, हिशेब लेखापालाकडे, वाद वकिलाकडे. उरतो एक सचिव, ज्याला शिव्या खायच्या असतात. प्राजक्ता यांच्या वसाहतीत अधिकार आणि काम एकाच माणसाकडे आहेत, हा फरक मला निर्णायक वाटतो. कार्डांचे रंग दुय्यम आहेत.

तळमजला:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठ-दहा कुटुंबांनी मिळून पुण्याबाहेर जमीन घेण्याचा आमचा विचार अजून कच्चाच आहे आणि ठरले तरी त्याला वर्षे लागतील, हे आता कळले. तोपर्यंत आहे त्या संस्थेत यातले काही करून पाहता येईल का? एकमताने निर्णय घेण्याची पद्धत आपल्या कायद्यात बसते का, हे माजी सचिव सांगू शकतील.

माजी सचिव:

सर्वसाधारण सभेत निर्णय बहुमतानेच होतो आणि काही विषयांना त्याहून मोठे बहुमत लागते. ते बदलण्याचा अधिकार संस्थेला नाही. पण सभेच्या आधी काय करावे यावर कायद्याचे बंधन नाही. आम्ही पुनर्विकासाचा विषय असताना प्रत्येक मजल्यावर एका घरात अनौपचारिक बैठक घेतली. समितीचा कोणीही माणूस तिथे बोलायचा नाही, फक्त लिहून घ्यायचा. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत आणि त्यांना भाड्याच्या घरात हलवणे शक्य नाही, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा समजले. सर्वसाधारण सभेत तेच लोक नुसते 'विरोध' म्हणून बसून राहत होते.

कामाच्या बाबतीत माझी सूचना अशी की दोन विषय पगारी माणसांकडून काढून घ्या: एक पाण्याचा हिशेब आणि दुसरा ओल्या कचऱ्याचे खत. दोन्हींसाठी समितीबाहेरच्या पाच-पाच सदस्यांची उपसमिती नेमा आणि दर सहा महिन्यांनी त्यांतील दोघे बदला. पाण्याच्या हिशेबाचा एक फायदा असा की टँकरची बिले हातात आली की माणूस आपोआप महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात जाऊन बसतो. त्याला नागरिकत्वावर व्याख्यान द्यावे लागत नाही. उपसमिती नेमण्याचा ठराव मात्र सभेपुढे रीतसर आणा आणि इतिवृत्तात सूचक व अनुमोदक यांची नावे लिहा, नाहीतर पुढची समिती ती पहिल्याच बैठकीत मोडीत काढेल.